एकसष्टावं मिनिट

मी स्वयंपाकघराच्या फळीवरचा टायमर बोलतोय. गोल, पांढरा, अंगावर एक ते साठ आकडे आणि नाकाच्या जागी एक लाल बाण. मला पिळलं की मी टिकटिक करतो आणि वेळ संपली की घंटा वाजवतो. यापलीकडे माझ्यात काही नाही असं या घरात सगळे समजतात. समजोत. मला मात्र जन्मापासून एक दुखणं आहे, आणि आज मी ते तुमच्यापाशी कबूल करणार आहे. मी फार जळकुकडा आहे.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. तिथे डोळ्याला भिंग लावलेली एक बाई आम्हा सगळ्यांच्या पोटात स्प्रिंगा बसवायची. तिने मला कानाशी धरलं, थोडा वेळ ऐकलं आणि शेजारणीला म्हणाली, "हा जरा हळवा आहे. पण चालेल." तेवढ्या दोन वाक्यांवर माझी पाठवणी झाली.

पुढचे आठ महिने मी दुकानाच्या काचेत बसून होतो. माझ्या डोक्यावर भिंतीवरची घड्याळं टांगलेली असायची. गिऱ्हाईक आत आलं की आधी मान वर करायचं. ती घड्याळं दिवसरात्र चालत, सकाळ बघत, संध्याकाळ बघत. माझं काय? साठ मिनिटं. साठाच्या पुढेही जग असतं हे मला फक्त ऐकून माहीत होतं. तिथेच माझ्या जळण्याला सुरुवात झाली.

मग एके दिवशी चष्म्याच्या दुकानात काचा घासणारे एक गृहस्थ आले आणि मला घेऊन गेले. घरी त्यांनी मला बायकोच्या हातात ठेवलं. त्यांची बायको प्रार्थनेला बसली की जग विसरायची, आणि त्या महिन्यात तिसऱ्यांदा दूध उतू जाऊन पातेलं करपलं होतं. चष्मेवाले म्हणाले, "देव तुला क्षमा करेल गं, पातेलं नाही करणार." ती हसली, पदराने माझं तोंड पुसलं, आणि त्या क्षणी मी तिचा झालो. तेव्हापासून मी तिला माझी बाई म्हणतो. ती माझी आहे की नाही, हे तिला कधी विचारलं नाही.

ते दिवस सुखाचे होते. सकाळी वीस मिनिटं प्रार्थना, पंधरा मिनिटं शास्त्रवाचन, बारा मिनिटं बटाटे. तिच्या बोटांची चिमूट मला ओळखू येऊ लागली. हॉलमधलं घड्याळ सगळ्यांचं होतं. मी तिच्या एकटीचा होतो.

एका रविवारी ती चर्चमधून घरी आली ती गप्पगप्प. चपला न काढताच खुर्चीवर बसली आणि नवऱ्याला म्हणाली की आज पाळकसाहेबांनी वेदीसमोर बशीत बर्फाचा खडा ठेवला आणि त्याबद्दल चकार शब्द न काढता प्रवचन सुरू केलं. आपल्याला मिळालेला वेळ देवाचा आहे, तो वाया घालवणं म्हणजे त्याची ठेव उधळणं, असं काहीसं ते बोलत होते. पण तिचं लक्ष बशीकडेच होतं. आमेन म्हणेपर्यंत बशीत नुसतं पाणी उरलं होतं.

त्या दिवसापासून माझी चैन झाली. बाईने सगळ्याच गोष्टी माझ्यावर मोजायला घेतल्या. फोनवर गप्पा पाच मिनिटं. बाजार पस्तीस. शेजारीण आली की ती मला दहावर लावून डब्यांच्या मागे लपवायची. मी वाजलो की शेजारीण दचकून म्हणायची, "अगं, काहीतरी करपतंय वाटतं," आणि उठून जायची. बाईला जरा ओशाळल्यासारखं व्हायचं. मला नाही व्हायचं. शेजारीण गेली की बाई पुन्हा माझीच.

आणि मग वन्सं आल्या.

वन्सं म्हणजे चष्मेवाल्यांची थोरली बहीण. टेलिफोनच्या कचेरीत त्यांनी जन्मभर लोकांच्या तारा जोडून दिल्या होत्या. स्वतः लग्न केलं नव्हतं. आवाज खणखणीत, जीभ धारदार. पण आता फुप्फुसं थकली होती. डॉक्टरांनी भावाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की वर्ष निघालं तर देवाची कृपा समजा. भाऊ त्यांना घरी घेऊन आला, आणि खिडकीकडची खोली त्यांना दिली.

माझ्या बाईने काही कमी केलं नाही. औषधं वेळेवर, चादरी स्वच्छ, सूप गरम. पण खोलीत टेकली मात्र नाही. अकरा वर्षांपूर्वी भरल्या घरात वन्सं म्हणाल्या होत्या, "हिला काम टाळायचं असलं की हिला देव आठवतो." सगळे हसले होते. बाईही हसली होती. ते हसणं तिच्या घशात अजून तसंच अडकलेलं होतं. तो राग सुटत नाही म्हणून प्रार्थनेत ती पुन्हा पुन्हा क्षमा मागायची, त्यावरून मला ठाऊक.

वन्संचं दुखणं कळल्यावर बाईने नवस केला. चाळीस दिवस, रोज दुपारी तीन वाजता, प्रभूने प्राण सोडला त्या घटकेला, एक तास वन्संसाठी प्रार्थना. ती बसायची आतल्या खोलीत, दार लावून. माझी घंटा वाजेपर्यंत कुणी हाक मारायची नाही.

पूर्ण साठ मिनिटं! मला आयुष्यात कुणी साठापर्यंत पिळलं नव्हतं. माझी स्प्रिंग अभिमानाने ताठली. पण नवस कुणासाठी, हे आठवलं की ती आतल्या आत करकरायची. त्या आल्या काय, आणि माझ्या बाईच्या ओठावर रोज तासभर त्यांचंच नाव काय! वन्संनाही मी आवडत नव्हतो. त्यांनी मला नाव ठेवलं होतं, मुकादम. "निघाली बघा मुकादमाला घेऊन," असं त्या म्हणायच्या.

एक गोष्ट मात्र मला एकट्याला माहीत होती. प्रार्थना वीस मिनिटांत संपायची. खरी, कळवळ्याची, पण वीसच मिनिटं. उरलेली चाळीस मिनिटं बाई भिंतीला टेकून माझी टिकटिक ऐकत बसायची. त्या बंद दारामागे तिला बरं वाटायचं. वन्संसाठी देवाशी बोलणं तिला जमत होतं, वन्संशी बोलणं जमत नव्हतं. मला हे कळत होतं आणि मी खूश होतो. ती चाळीस मिनिटं ना देवाची होती ना वन्संची. ती माझी होती.

तेविसाव्या दिवशी तिने मला नेहमीसारखं पिळलं, प्रार्थना केली आणि भिंतीला टेकली. सकाळी तिने कणीक मळल्या हाताने मला लावलं होतं, त्यातलं पीठ माझ्या फटीत गेलं होतं. एक्कावन्न मिनिटं मी चाललो. नऊ मिनिटं उरली असताना मी अडकलो. पीठ होतं हे खरं. पण मी एक जोर केला असता तर सुटलो असतो, हेही खरं. मला वाटलं, कशाला सुटायचं? घंटा नाही वाजली तर दार नाही उघडणार. बाईचा डोळा लागला होता. मी गप्प राहिलो.

दारावर टकटक झाली तेव्हा हॉलमधल्या घड्याळात चार वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. टकटक फार हलकी होती. बाई दचकून उठली, माझ्याकडे बघितलं, आणि धावत जाऊन दार उघडलं.

दाराबाहेर स्टुलावर वन्सं बसल्या होत्या. एका हाताने चौकट धरलेली, ओठ निळसर, खांदे वरखाली होत होते. बाईने त्यांना पुढे झुकवून बसवलं, फवाऱ्याचं औषध आणून दिलं, पाठीवर हात ठेवला. औषध लागू पडायला बराच वेळ गेला. पहिलं वाक्य त्यांच्या तोंडून आलं ते असं: "आज तुझा मुकादम वाजला नाही."

"हाक का नाही मारलीत, वन्सं?"

"नवस चालला होता ना तुझा."

मग थांबतथांबत बाकीचं बाहेर आलं. तीन वाजले की त्यांना श्वास पुरत नसे आणि भीती वाटे. म्हणून त्या रोज स्टूल घेऊन या दाराबाहेर बसायच्या, दाराला कान लावून. आतली टिकटिक ऐकायच्या. आता पाव तास, आता दहा मिनिटं, असं मनाशी म्हणत घंटेची वाट बघायच्या. घंटा वाजली की पावलं वाजतील, कुणीतरी येईल. बाई बाहेर येण्याआधी त्या उठून खोलीत जायच्या.

मी ऐकत होतो. जिच्यावर मी इतका जळलो, ती रोज माझ्याच घंटेसाठी कान टेकून बसली होती. या घरात माझ्या वाजण्याची एवढी आस कुणालाच नव्हती, माझ्या बाईलाही नाही. आणि मी नेमका त्याच दिवशी मुद्दाम मुका राहिलो होतो.

"काय मागतेस गं आत तासभर?" वन्संनी विचारलं.

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

"मग देवाने तुला सांगितलं नाही का, मला तीन वाजता काय होतं ते?"

बाईने औषधाचं झाकण लावलं. मग म्हणाली, "तुम्हीच का नाही सांगितलंत?"

"कोणत्या तोंडाने सांगू? हिला काम टाळायचं असलं की देव आठवतो, असं मीच म्हटलं होतं." वन्संनी दम घेतला. "चूक होती माझी. तेव्हाच कळलं होतं. पण तार जोडायची राहून गेली."

बाई खाली बसली, त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकवून रडली. वन्सं तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. मी खोलीत जमिनीवर नऊवर अडकून पडलो होतो. माझ्याकडे कुणी बघितलं नाही.

संध्याकाळी बाईला नवी काळजी लागली. देवापुढे बोललेला शब्द, सतरा दिवस बाकी, मोडायचा कसा? चष्मेवाले माझं पोट उघडून दुकानातल्या बारीक ब्रशने पीठ झाडत होते. ते म्हणाले, "काय बोलली होतीस नेमकं?" तिने शब्द न् शब्द सांगितला. तीन वाजता, एक तास, वन्संसाठी. सांगतासांगता ती थबकली. म्हणाली, "दाराचं काही बोलले नव्हते. दार मी लावलं. देवाने नाही."

दुसऱ्या दिवशी तीन वाजता तिने स्टूल उचललं, मला पदरात गुंडाळलं आणि वन्संच्या खोलीत गेली. मला वाटलं, ठीक आहे, निदान मी बरोबर आहे. तर वन्सं म्हणाल्या, "याला बाहेर ठेव बाई. हा टिकटिकला की मला वाटतं, तू निघालीस."

मला या फळीवर आणून ठेवलं गेलं. रिकामा, शून्यावर.

त्या दुपारी मी जेवढा जळलो तेवढा जन्मात जळलो नव्हतो. आतून मटारच्या शेंगा फुटल्याचे आवाज येत होते. मग वन्संचं कुणाची तरी नक्कल करणं आणि बाईचं हसणं. असं हसणं माझ्यासमोर ती कधी हसली नव्हती. मग शांतता, मग वाचन, मग मोठ्याने एक प्रार्थना. वन्सं मधेच आमेन म्हणाल्या. बाई म्हणाली, "अजून संपली नाही." वन्सं म्हणाल्या, "तुझी संपली नसेल, मला पटली आहे." तास कधीच उलटून गेला होता. बाई उठली नाही. तेव्हा मला कळलं की ज्याच्याबद्दल मी नुसतं ऐकून होतो ते एकसष्टावं मिनिट त्या खोलीत आहे, आणि मी तिथे नाही.

पण बाईचे हात कामातून लवकर सुटत नाहीत. दोनच दिवसांनी ओटा घासता घासता तिला सव्वातीन झाले. धावत गेली तेव्हा वन्सं उशीला गच्च धरून बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दोन वाजता बाई माझ्यासमोर उभी राहिली. ओले हात आधी नीट कोरडे केले आणि मला साठावर पिळलं. म्हणाली, "आता तू माणसं मोजायची नाहीस. काम मोजायचं. तू वाजलास की हातातलं खाली."

तेव्हापासून माझं जगणं उलटं झालं आहे. दोन ते तीन ती माझ्याजवळ असते. निवडते, घासते, पुसते. मी टिकटिकत असतो. बरोबर तीनला मी वाजतो आणि ती सांडशी असेल तिथे सोडून जाते. भांडी राहिली तर राहतात. म्हणजे बघा, तिला माझ्यापासून दूर धाडायचं काम माझ्याच गळ्यात आलं. रोज. माझ्याच आवाजात.

चाळिसावा दिवस कधी उलटला ते बाईच्या लक्षातही आलं नाही. शेजारीण आता दहा मिनिटांत दचकून उठत नाही. कधीकधी तीही मटार घेऊन आत जाऊन बसते. वन्संचा श्वास आणखी आखूड झाला आहे. त्यांना ते माहीत आहे. आम्हा दोघांच्या स्प्रिंगा थकल्यात, असं त्या परवा म्हणाल्या. माझा नऊचा आकडा पुसट झाला आहे आणि पिळताना मी जरा कण्हतो.

मी सुधारलो असं मी म्हणणार नाही. वन्संच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला की अजून पोटात काहीतरी करकरतं. पण तेविसाव्या दिवसानंतर मी एकदाही अडकलो नाही. दोन एक्कावन्न झाले, नऊ मिनिटं उरली, की मी सगळा जोर लावतो.

तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला एवढंच सांगा: वाजायची वेळ झाली की रेंगाळू नकोस. दाराच्या पलीकडे कुणीतरी कान लावून बसलेलं असतं.

तीनला एक मिनिट आहे. आतून वन्सं विचारतायत, "मुकादम झोपला का गं?"

थांबा. मला वाजायचं आहे.