लेकीकडे गेली

खोटं लिहिलंत तुम्ही, साहेब — आणि वर पाहणीच्या कागदाला ही गंजकी टाचणी खुपसलीत, ती आत्ता माझ्या बोटात घुसलीय. 'शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून, खोलीधारक मुलीकडे परदेशी स्थायिक. अपात्र.' संपलं. परळच्या चाळीत पन्नास वर्षं काढलेली बाई, जिनं विमान फक्त गच्चीवरून पाहिलं, तिला तुम्ही एका ओळीत समुद्रापार पोचवलंत, आणि तिची खोली पुसून टाकलीत.

मायानं बोट चोखलं. दादरच्या लॉजची खिडकी, खाली फुलांचा ओला वास. काल आईच्या खोलीची सुनावणी होती — साहेब रजेवर. पुढची तारीख वीस दिवसांनी. आज सरकारी सुट्टी. उद्या सकाळी विमान. मधे हा एक दिवस उरलेला, कुणालाच नको असलेला... लॉजच्या रजिस्टरात 'कुठून आलात'पुढे तिनं मस्कत लिहिलं, तर मॅनेजर आपुलकीनं सांगायला लागला, मॅडम, आज फिरून घ्या, गेटवे बघा, चौपाटी बघा. तिनं मान डोलावली. याच शहरात जन्मलेय हे सांगायचं राहूनच गेलं. की सांगावंसं वाटलं नाही?

ती चालत परळला गेली. चाळीच्या जागी पुनर्विकासाचे पत्रे. पत्र्यांवर निळ्याशार पोहण्याच्या तलावाचं चित्र, त्यात एक गोरी बाई तरंगतेय — आणि इथेच आई दोन हंडे पाण्यात अख्खा दिवस भागवायची. वॉचमननं विचारलं, "किधर जाना है, मॅडम?" कहीं नहीं, म्हणाली ती. खरंच होतं ते.

कमळाबाई आता कॉटन ग्रीनला, चाळकऱ्यांना तात्पुरतं ठेवलेल्या ट्रान्झिट कॅम्पात, चौथ्या मजल्यावर. तीस वर्षं आईच्या भिंतीपलीकडची बाई. पाहणीवाल्यांना कुणी काय सांगितलं, तेवढं तिच्याकडून कळलं असतं, आणि मग त्या नालायक शेजाऱ्याला माया सोडणार नव्हती.

"ये गो बाय," कमळाबाई म्हणाली. मस्कतला जेवायला देत नाहीत काय, म्हणून आधी टोमणा मारला, मग चहा टाकला. मायानं कागद पुढे केला, वाचून दाखवला. म्हातारीनं गॅस बारीक केला. मग म्हणाली,

"मीच सांगितलं ते."

"मावशी, पाहणीच्या वेळी तुला ठाऊक होतं ती हॉस्पिटलात आहे."

"ठाऊक काय? अकरा दिवस, तिनं डोळे मिटेपर्यंत, डबा मीच देत होते. पण तीच बजावून गेली. कुणीही विचारलं तरी सांग, शांता लेकीकडे गेली. नायतर चाळ म्हणेल, लेक असून एकटी पडलीय." कमळाबाईनं पदरानं कप पुसला, मग आणखी एकदा पुसला. "मला काय माहीत, ती माणसं लिहून नेतील? मला वाटलं, चौकशी करतायत."

मायानं कागदाची घडी घातली.

"मी साहेबापुढे सांगेन खरं काय ते. अंगठा देईन. पण मग ते कागदावर येईल, बाय. शांता एकटी होती, हे. तिनं जे झाकलं ते." आणि मग, अजिबात आवाज न चढवता — "आणि तू तरी तिला कधी नेलंस?"

चहा कडू लागला. खरं तर गोडच असेल.

काय सांगायचं होतं? की मस्कतला फ्लॅट नव्हताच. दोन खोल्या, बाल्कनी, बाल्कनीत तुळस — फोनवर सगळं मीच बांधलं होतं, वर्षावर्षानं एकेक खोली वाढवत. खरं म्हणजे हॉटेलच्या लाँड्रीमागे चार बायकांची एक खोली, दोन मजली लोखंडी पलंग, वरचा माझा. दर दोन वर्षांनी परवाना नवा करायचा, नाही झाला तर चालू लागा. पुढच्या वर्षी नेते हं आई, पुढच्या वर्षी नक्की... स्थायिक म्हणे. साहेब, मी कुठे स्थायिक आहे ते तरी लिहा.

लॉजवर परतल्यावर ती पडली, आणि कुणी हलवल्यासारखी ताडकन उठली. घड्याळात दुपारचे चार. चाळीत पाणी यायची वेळ. हात आपोआप नळाकडे गेले — बादली भरली, पाठोपाठ मग भरला, पिण्याचे दोन ग्लास भरले, प्लास्टिकची कचऱ्याची टोपलीसुद्धा विसळून भरली. नळ चालूच. इथे पाणी जातच नाही. ती भरलेल्या भांड्यांच्या मधे ओल्या लादीवर बसून राहिली.

मग अर्ज लिहायला घेतला. साहेब, माझी आई त्या दिवशी तुमच्यापासून चालत दहा मिनिटांवर, वॉर्डातल्या खाटेवर — पेन थांबलं. एकटी, हा शब्द लिहिला तर खोली कदाचित मिळेल. नाही लिहिला तर आई माझ्याकडे आलेली राहील, कायमची, बाल्कनीत, तुळशीपाशी. तुम्ही जाऊन बघितलं नाहीत, त्याचा जाब मी घेईनच, सोडणार नाही. पण ते खोटं तुमचं नव्हतं. ते तिनं रचलं — माझ्या विटा घेऊन.

टाचणीचं रक्त कागदाच्या कोपऱ्यात सुकलं होतं.

आई, तुला तो फ्लॅट खरा वाटत होता, की तूही माझ्यासारखीच फक्त सांगत होतीस? बोल. उद्या सकाळच्या आत बोल.