मयताच्या घरचा चहा

मी गावातले खून लिहिते, सोलापुरात विजापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये बसून. पुस्तकं बऱ्यापैकी खपतात. ती का खपतात असं कुणी विचारलं की मी चिडते, कारण हे काही खरं लिखाण नव्हे हा भाव विचारणाऱ्याच्या आवाजातच असतो. उत्तर सोपं आहे. लहान गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, त्यामुळे तिथला संशयही घरगुती असतो. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाची म्हैस कुणाच्या कडब्यात शिरली, हे सगळं एकदा नीट मांडून बघायला मिळतं. रक्त फार सांडत नाही. खुनी सापडतो, दुसऱ्या दिवशी बाजार भरतो आणि वाचकाला शांत झोप लागते. मरणारा माणूस मात्र असा निवडायचा की त्याच्यासाठी कुणाला वाईट वाटू नये. या धंद्यातला हा पहिला नियम.

नव्या पुस्तकातला असा माणूस मी माझ्या चुलत सासऱ्यांवरून घेतला. बिभीषणतात्या मंद्रूपच्या पलीकडे, नवऱ्याच्या गावी राहतात. दरवर्षी बांधाचा दगड जरासा सरकवायचा आणि दुसऱ्यांच्या शेळ्या हाकलायला सदऱ्याच्या खिशात खडे बाळगायचे, ही त्यांची ख्याती. पुस्तकात मी त्यांचं नाव धोंडीराम केलं. खडे तसेच ठेवले. तात्या पुस्तक वाचतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

त्यांनी नुसतं वाचलं नाही. सुनेचं पुस्तक म्हणून कौतुकानं दूध डेअरीपुढे बसून चारचौघांत मोठ्यानं वाचलं. धोंडीरामचं प्रेत विहिरीतून काढलं, खिशातून खडे निघाले, आणि डेअरीपुढची माणसं हसायला लागली. ती का हसतायत हे कळायला तात्यांना आणखी अर्धं पान लागलं.

मग हुरड्याला या म्हणून फोन आला. मी शिव्या खायच्या तयारीनंच गेले. अभिमन्यू, माझा नवरा, गाडीतून उतरला तो थेट रानाकडे गेला. तेवढा तो हुशार आहे. तात्या ओसरीवर बसले होते, पुस्तकात बोट घालून. आत नागव्वाकाकू भाकरी थापत होत्या.

"मारलंस त्याचं काय न्हाय, प्रियदर्शनी," तात्या म्हणाले. "मरायचं हायच कवातरी. बांधाचं लिवलंस, तेबी ऱ्हाऊ दे. पर ह्ये काय हाय?"

त्यांनी पान उघडून दाखवलं. प्रेत अंगणात आहे, बाहेर गाव जमलंय, आणि धोंडीरामची बायको तपास करणाऱ्या निवृत्त नर्सबाईंना चहा करून देते आहे.

"घरात मढं आसताना चूल पेटती व्हय? तुमच्या सोलापुरात पेटत आसंल."

चूक होती खरी. मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारून पिठलं-भाकरी येते, सोयरे कडू घास आणतात आणि घरच्यांना बळंच भरवतात. हे मला माहीत होतं. पण हातात कप दिल्याशिवाय माझी पात्रं तोंड उघडत नाहीत. मी तसं सांगितलं. पुढच्या आवृत्तीत चहा शेजारणीकडून आणवते, असंही म्हणाले.

"चहाचं न्हाय म्हनत मी." तात्यांनी पुस्तक मिटलं. "एवडं गाव, एवडी मानसं. कुनी मारलं ते समदी बघत्यात. माज्यासाटी एकबी रडलं न्हाय."

धोंडीरामसाठी, असं मी म्हणणार होते. पण तसं म्हणाले नाही. मला त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून रागही आला. एक जण जरी खरंखुरं रडला, तरी वाचक खुनी शोधायचं सोडून देतो. अख्खं पुस्तक कोसळतं. तरीही मी विचारलं, "कुणाला रडवू, सांगा."

तात्या विचार करत राहिले. मुलगा पुण्यात असतो, त्याचं नाव त्यांनी घेतलं नाही. भावाचंही नाही, बांधाच्या शेजाऱ्याचं तर नाहीच. शेवटी त्यांनी आतल्या खोलीकडे मान वळवली.

"हिलाच रडव की. बायकू हाय. चहाबिहा नगं. गार चुलीम्होरं बसून रडती, आसं लिव."

भाकरी थापायचा आवाज थांबला.

"त्ये पान बदलू नगं, पोरी," काकू आतून म्हणाल्या. मग पिठाच्या हातांनीच दारात आल्या. "मी वाचलंय त्ये. लई आवडलंय मला. ती नर्सबाई चहा घेती, हिच्या फुडं बसती, आन इचारती, तुमाला काय वाटतं. समदी भाईर हुबी, आन ही बोलती. ती बाई शेवटपत्तोर ऐकून घेती." त्यांनी तात्यांकडे पाहिलं नाही. "ह्या घरात मला आसं कुनी कवा इचारलं?"

माझी पुस्तकं का खपतात याचं हे कारण मी कधी कुणाला दिलेलं नव्हतं.

"म्हंजी तू रडनार न्हाईस?" तात्यांनी विचारलं. आवाज एकदम बारीक झाला होता.

रडणार तर, असं काकू पटकन म्हणतील असं मला वाटलं. बायका म्हणतात तसं. पण त्यांनी आधी विचार केला.

"रडंन की," त्या म्हणाल्या. "पर आदी चहा हुंदे. समदं बोलून हुंदे." आणि तव्यावरची भाकरी करपायला लागली म्हणून आत गेल्या.

तात्या दाराकडे बघत बसले. मग पुस्तक माझ्या हातात देत म्हणाले, "एवडं तरी घाल त्यात."