पहिल्या वेच्याचा कापूस

मी तापट आहे आणि आळशीही आहे. हे दोन गुण एका माणसात आले की त्याचा कारकून होतो, असं माझी बायको शुभदा म्हणते. आमच्या घरात तीन पिढ्या टेबलामागे बसल्या, मीही बसलो. यवतमाळात श्रीकृष्णरावांकडे एखादा कागद गेला की तो पिकल्याशिवाय बाहेर येत नाही, अशी माझी ख्याती होती. मी ती हसत हसत मिरवायचो.

तेव्हा सागवानाची चोरी फार वाढली होती, म्हणून जिल्ह्यात एक हंगामी सशस्त्र गस्ती पथक उभं केलं होतं. आज ते नाही. एका भाड्याच्या गोदामात त्याचं शस्त्रागार होतं. तिथला कारकून मी, आणि बंदुकांचा मिस्त्री प्रेमसिंग. तो नेरकडच्या एका तांड्यावरचा बंजारा, पन्नाशी उलटलेला, मितभाषी. जुन्या खटक्याच्या रायफली त्यानं आयुष्यभर सांभाळल्या. प्रत्येक गोळीला हातानं खटका मागेपुढे ओढून नवं काडतूस चढवायचं, भरपूर तेल पाजायचं, पुसून ठेवायचं, की झालं. त्याच पथकात त्याचा भाचा संजय शिपाई होता. बहिणीचा, म्हणजे लालीबाईचा, एकुलता एक. मामानंच त्याला भरतीला उभं केलं होतं.

दिवाळीनंतर नव्या सेमी-ऑटोमॅटिक रायफली आल्या. यात खटका ओढायला नको. गोळी सुटली की तिच्याच धुराच्या धक्क्यानं आतला दट्ट्या मागे जातो, रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि पुढचं आपसूक वर चढतं. पोरं खूश झाली. सोबत एक इंग्रजी पुस्तिका होती. ती माझ्या कपाटात गेली, कारण इंग्रजी वाचणारा मी एकटाच.

"साहेब, पुस्तकात साफसफाईचं काय लिवलं?" प्रेमसिंगनं विचारलं होतं.

मी पहिलं पान उलटलं. जेवणाची वेळ झाली होती. "काय लिहिणार? साफ ठेवा म्हणून लिहिलंय," असं म्हणून मी पुस्तिका मिटली.

त्याच महिन्यात बंदुका पुसायचं कापड संपलं. सुती कापडाच्या मोजून फाडलेल्या पट्ट्या असतात, त्यांना चिंदी म्हणतात. मागणीचा कागद माझ्याकडे आला आणि पिकत पडला. प्रेमसिंग आठ दिवसांनी विचारायला आला तेव्हा माझं डोकं कशानं तरी फिरलेलं होतं.

"कापड नाही तर नाही! तुमच्या तांड्यावर कापसाचे ढीग पडलेत ना? यंदा त्याला कुत्रं विचारत नाही. आणा की घरचा. निदान बंदुका तरी पुसल्या जातील."

गंमत म्हणून बोललो होतो मी. त्या वर्षी कापसाच्या भावावरून सगळा जिल्हा रडकुंडीला आला होता, आणि मला त्यात विनोद सुचत होते.

प्रेमसिंगनं ते मनावर घेतलं. सोमवारी तो गाठोडं घेऊन आला. पांढराशुभ्र, लांब धाग्याचा कापूस, एकेक सरकी हातानं काढलेला. "पयल्या वेच्याचा हाये," तो म्हणाला. "लाली हा इकत नाई. देवाच्या वातीसाठी ठेवते. संजूची बंदूक पुसाले पाह्यजे म्हटलं तं सारा काढून देला." पहिल्यांदाच तो माझ्यापाशी एवढी वाक्यं बोलला.

नव्या रायफली अडकायला लागल्या त्या यानंतर. सरावाच्या मैदानात कुणाची तिसऱ्या गोळीला अडकायची, कुणाची पाचव्या. रिकामं काडतूस अर्धवट बाहेर यायचं आणि तिथंच चिमटून बसायचं. प्रेमसिंगनं आधी मॅगझीनच्या स्प्रिंगा बदलून पाहिल्या. मग काडतुसांच्या पेट्या बदलल्या. तरी अडकतच होत्या. मग तो आपल्या जुन्या विद्येकडे वळला. बंदूक अडते म्हणजे ती उपाशी आहे, तिला तेल द्या, आतून आणखी पुसा. तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत कापसाचे बोळे तेलात बुडवून एकेक रायफल आतून घासायचा. संजयची तर दोनदा घासायचा.

संजय त्याला चिडवायचा. "मामा, नवरीले हयद लावून राह्यले का?"

"गुमान राय. जंगलात अडली तं मंग समजन तुले."

फेब्रुवारीत झरी जामणीच्या जंगलात, भर दुपारी, गस्तीतल्या चौघांना चोरटे लाकूड भरताना सापडले. संजय पुढे होता. त्यानं हवेत एक गोळी झाडली. चोरट्यांतल्या एकानं ठासणीची बंदूक उचलली, तेव्हा संजयनं पुन्हा घोडा दाबला. बंदूक बोलली नाही. तो मान खाली घालून अडकलेलं काडतूस ओढत असताना त्याला छातीत लागलं. पांढरकवड्याला नेईपर्यंत तो गेला. चोवीस वर्षांचा होता.

पाचव्या दिवशी पोत्यात बांधलेली ती रायफल माझ्या टेबलावर आली. पथकाच्या साहेबांना अहवाल हवा होता, आणि अहवालात काय हवं तेही त्यांनी सांगून टाकलं होतं. मृताने शस्त्र नीट साफ ठेवले नव्हते, सबब त्याचाच हलगर्जीपणा. म्हणजे नव्या बंदुकांवर बोट नको, पथकावर नको, आणि पोराला शहीदही म्हणायला नको. मेलेला माणूस खुलासा मागत नाही, म्हणून त्याच्या नावावर काहीही खपतं.

प्रेमसिंगनं माझ्यासमोरच रायफल खोलली. नळीवरचं झाकण काढून त्यानं दट्ट्या ओढला, तर तो निघेना. जोर केला तेव्हा निघाला. त्याच्यावर काळा, चिकट थर बसला होता. प्रेमसिंगनं तो नखानं खरवडून कागदावर ठेवला आणि सुईनं उकलला. काजळी, तेल, आणि त्यात गुंतलेले बारीक बारीक धागे. कापसाचे. कापडाचा धागा विणीत बांधलेला असतो, तो सुटत नाही. मोकळा कापूस तेलात भिजून मागे राहिला होता आणि गोळीच्या गरम धुरानं भाजून घट्ट झाला होता. जितकं जास्त पुसलं तितका जास्त.

त्यानं तो कागद माझ्याकडे सरकवला.

"संजूची चूक नोका लिवू, साहेब. पुसत म्या होतो. माही लिवा."

"प्रेमसिंग, तुमची नोकरी जाईल."

"जाऊ द्या. पोराच्या नावावर डाग नोको."

मी लिहिलं. साहेब भडकले, पण मिस्त्रीची सही आणि तो खरवडलेला थर पाकिटात घालून मी अहवाल सरळ वर पाठवला होता. आयुष्यात एकच कागद मी त्याच दिवशी पुढे पाठवला. संजय शहीद ठरला आणि प्रेमसिंगला घरी बसवलं.

अहवाल गेल्यावर मी कपाटातून ती पुस्तिका काढली. सतराव्या पानावर होतं. दट्ट्या आणि त्याची नळी कोरडी ठेवावी, तेल लावू नये. पुसण्यासाठी मोकळा कापूस कधीही वापरू नये. साध्या इंग्रजीत, जाड ठशात. वाचायला अर्धं मिनिटही लागलं नाही. मला रडू यायला हवं होतं. आला तो संताप, आणि तो काढायला माझ्याशिवाय खोलीत कुणी नव्हतं.

हे मी प्रेमसिंगला सांगितलं नाही. उद्या सांगू, असं म्हणत राहिलो.

पंधरा दिवसांनी शहीद ठरल्याचं पत्र घेऊन आम्ही दोघं एसटीनं नेरला आणि तिथून ऑटोनं तांड्यावर गेलो. बंजाऱ्यांत भाऊ आला की बहीण त्याच्या गळ्यात पडून आपलं दुःख सुरात सांगत रडते, आणि भावानंही तिच्यासोबत रडायचं असतं. लालीबाई प्रेमसिंगच्या गळ्यात पडली. गोरबोलीतला तिचा सूर घराबाहेरपर्यंत जात होता. प्रेमसिंग नुसता ताठ उभा होता. त्याला रडायचा हक्क आपल्याला नाही असं वाटत असणार. तो हक्क त्याच्याकडून मी काढून घेतला होता.

मग ती शांत झाली आणि तिनं मला पाणी दिलं. मी पत्र वाचून दाखवलं.

"पोराचं काही चुकलं होतं काय, भाऊ?" तिनं विचारलं.

"नाही, बाई. त्याचं काही चुकलं नाही. बंदूक अडकली."

"नवी होती ना? मंग काहून अडकली?"

प्रेमसिंगनं तोंड उघडलं. तो आता सगळं सांगून टाकणार हे मला दिसलं. सांगितलं असतं तर त्या बाईला उरलेला जन्म आपल्या हातचा कापूस दिसत राहिला असता. मी घाईनं मध्ये पडलो.

"पुसायचं कापड नव्हतं. मी वेळेवर मागवलं नाही. चूक माझी आहे."

खरंच होतं ते, फक्त पुरतं नव्हतं. वाटलं, आता ती शिव्या देईल, आणि मला त्या हव्या होत्या. पण काहीतरी आठवल्यासारखा तिचा चेहरा बदलला.

"पन म्या तं कापूस धाडला होता, भिया," ती भावाकडे वळून म्हणाली. "बंदूक पुसाले. कमी पडला का?"

प्रेमसिंगनं माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणावं तर पुढचा प्रश्न येणार होता.

"हो," मी म्हणालो. "थोडा कमी पडला."

ती उठली. आत जाऊन बराच वेळ काहीतरी काढत राहिली. बाहेर आली तेव्हा तिच्या डोक्यावर पहिल्यापेक्षा दुप्पट गाठोडं होतं. पुढच्या वेच्यांचा, सरकी काढलेला, पांढराशुभ्र कापूस. ते तिनं माझ्या पायाशी ठेवलं.

"माह्याच हातून कमी गेला," ती म्हणाली. "हा घेऊन जा, साहेब. बाकीच्या पोराईले पुरन."

गाठोडं मांडीवर घेऊन मी यवतमाळपर्यंत आलो. नेरच्या स्टँडवर मला गाडीत बसवताना प्रेमसिंग पहिल्यांदा रडला, आणि मला म्हणाला, "बरं केलं साहेब, तुमी तिले सांगतलं नाई." मी पुस्तिकेबद्दल तेव्हाही बोललो नाही.