ठोकलेल्या गाडीतली खुर्ची

मी पत्र्याचा माणूस. ठोकलेल्या गाड्या सरळ करणं हा माझा तीस वर्षांचा धंदा. नुसती टिचकी मारून मी सांगतो, कुठल्या दाराला रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीय. त्यामुळे गाडीतलं मला कुणी शिकवायला आलं की नाकाला मिरच्या झोंबतात. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या नाकामुळेच झालं.

लेकीने सात महिन्यांच्या ढब्बूसाठी गाडीत बसवायची खुर्ची घ्यायचं ठरवलं. ढब्बू म्हणजे माझी नात. आठवडाभर घरात दुसरा विषय नाही. पोरीचं वजन केलं, उंची मोजली, खुर्चीचं तोंड मागच्या काचेकडेच हवं, आपल्या गाडीच्या पट्ट्यात ती घट्ट बसायला हवी, सगळं एका कागदावर लिहून काढलं. मी म्हटलं, "अगं, तुला मांडीवर घेऊन आम्ही कुठे कुठे फिरलो. काय झालं तुला?"

"नशिबाने काही झालं नाही, बाबा."

जावई हसू दाबत होता. माझं डोकंच सटकलं. म्हटलं, आण तो कागद इकडे, आजोबा आणतो खुर्ची.

खुर्ची मी आधीच बघून ठेवली होती. वर्कशॉपमध्ये एक गाडी पडून होती, पुढून पार चेपलेली. गाडीच्या मालकाने ती भंगारात काढायला सांगितली होती. तिच्या मागच्या सीटवर ही खुर्ची, राखाडी रंगाची, जवळजवळ कोरी. आमच्यात भंगाराच्या गाडीतला चांगला माल कुणी टाकत नाही. वर्कशॉपमधला आमचा सोफा म्हणजे एका गाडीची मागची सीट आहे, आणि माझा दाढीचा आरसा दुसऱ्या एका गाडीच्या दाराचा. कागदाशी ताडून पाहिलं तर वजन, उंची, सगळं तंतोतंत जुळलं. वरून साबणाचा ब्रश फिरवला, दोन दिवस ऊन दाखवलं आणि घरी नेली.

"नवी कोरी?" लेकीने विचारलं.

"मग काय, नातीला जुनी देईन?" हे मी म्हणालो. याच तोंडाने.

लसीच्या दवाखान्यातली नर्स अशा खुर्च्या तपासून देते, म्हणून लेक मलाही घेऊन गेली. नर्स माझ्या लेकीपेक्षा लहान. हिला काय कळतंय, असं मनात म्हणत मी बाजूला उभा राहिलो. तिने गाडीचा पट्टा जिथून जातो तिथे धरून खुर्ची गदागदा हलवली. बोटभरसुद्धा सरकली नाही. ढब्बूला बसवून खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरायला गेली, तर चिमटीत काही येईना.

"अशी घट्ट बसवलेली क्वचितच बघायला मिळते. कुणी बसवली?"

लेकीने माझ्याकडे बोट दाखवलं. माझी छाती फुगली. तेवढ्यात नर्सने विचारलं, "ही खुर्ची अपघात झालेल्या गाडीत नव्हती ना कधी? एकदा तसा झटका बसला की आतून तडा जाऊ शकतो, वरून दिसतही नाही. मग पुढच्या वेळी ती बाळाला धरून ठेवेल याची खात्री नाही."

"छे हो, बाबांनी नवी आणलीय," लेक म्हणाली.

मी तिथेच शेजारी उभा होतो. एक शब्द बोललो असतो तर भागलं असतं. मी ढब्बूचा मोजा वर ओढत बसलो. परक्या पोरीसमोर आणि लेकीसमोर खोटा पडायची लाज वाटली. अशी घाण लाज.

पुढचे तीन दिवस लेक रोज सकाळी ढब्बूला त्या खुर्चीत बसवून पाळणाघरात सोडत होती. मी फाटकाशी उभा राहून हात हलवायचो आणि स्वतःला समजवायचो की काही होत नाही, ती नर्स पुस्तकातलं बोलत होती. संध्याकाळी ती परत येईपर्यंत जेवणाचा डबा तसाच पडून राहायचा.

चौथ्या दिवशी सुट्टी होती. गाडी धुतो असं सांगून मी खुर्ची बाहेर काढली आणि पहिल्यांदाच तिचं कापड सोललं. पाठीमागे, पट्टा जातो तिथेच, प्लॅस्टिकवर पांढरी रेघ होती. केसाएवढी. नखाने दाबली तर फट उघडली. पत्रा असता तर ठोकून सरळ केला असता. मी तिथेच फरशीवर बसलो. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

आणि तरीही पहिला विचार कुठला आला, तर गुपचूप तशीच नवी आणून ठेवायची. खुर्ची वर्कशॉपमध्ये लपवली, दुकानात गेलो, नवी घेतली. घरी आलो तर लेक दारातच. खोक्याकडे बघून म्हणाली, "दुसरी कशाला? पहिली खराब निघाली का? कुठलं दुकान ते सांगा, बाबा. मी त्या माणसाला सोडणार नाही. लहान मुलांच्या जिवाशी खेळतात मेले."

"दुकान नाही," मी म्हणालो. मग सगळं सांगितलं. भंगारातली गाडी, ब्रश, दवाखान्यातला मोजा.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याबरोबर वर्कशॉपमध्ये आली आणि तिने त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "त्या अपघातात हिच्यात मूल बसलेलं होतं?"

मी मालकाला खूप काही विचारलं होतं. इंजिन ठेवू का, टायर कुणाला देऊ, कागदपत्रं कधी नेताय. एवढं मात्र विचारलं नव्हतं.

"विचारलं नाही," मी म्हणालो.

तिने नवी खुर्ची स्वतः बसवायला घेतली. माहितीपुस्तक सीटवर उघडं ठेवून, गाडीत वाकून, अर्धा तास. पट्टा ढिला राहत होता, मला बाहेरून दिसत होतं. गुडघा टेकवून एकदा दाबलं असतं तर काम झालं असतं. मी पुढे झालो आणि हात आत घातला.

"राहू द्या, बाबा," ती मागे न बघता म्हणाली.

मी हात काढून घेतला. तिने पट्टा सोडला आणि पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला लागली.