कानाने चालवलेली गाडी

रोज सकाळी नात फोरमनच्या तळपायांना गुदगुल्या करून त्यांना उठवायची, आणि गेले पाच महिने फोरमन निम्मं खोटं हसत होते. डाव्या पायाचं हसू खरं, उजव्याचं सोंग. एक डोळा किलकिला ठेवून ते पोरीचं बोट कुठल्या पायावर आहे ते बघायचे, आणि उजव्यावर आलं की पाय झटकून ‘अगं, पुरे’ म्हणायचे. पोरगी सात वर्षांची, तिला काय कळतंय, असं ते मनाशी म्हणत. पण कधी हसायला जरासा उशीर झाला की ती मान वाकडी करून त्यांच्याकडे बघायची, आणि त्या दिवशी फोरमनना चहा गोड लागत नसे.

उजव्या पायाला घोट्याखाली काही म्हणता काही कळत नव्हतं. पस्तीस वर्षं वर्कशॉपमध्ये गाड्यांखाली वाकून, लोळून कमरेतली नस दबली होती. डॉक्टरांनी विचारलं होतं, चालताना चप्पल पायातून निसटते आणि तुम्हाला पत्ताच लागत नाही, असं होतं का? फोरमन म्हणाले, छे. डॉक्टर म्हणाले, मग होईल. ऑपरेशनचं ठरवा आणि तोवर गाडीला हात लावू नका. घरी येऊन फोरमननी सांगितलं, डॉक्टर म्हणाले रोज थोडं चालत जा. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी अख्खी गल्ली त्यांना फोरमन म्हणत होती. गाडी न चालवणाऱ्या फोरमनला गल्लीने काय म्हणावं? झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि गाडी तरी कसली! घरात तिचं नाव रेडा. सोळा वर्षांची, सात माणसांची, शिडीसारख्या लोखंडी चासीवर बसवलेली, मागच्या दारावर स्टेपनी, आणि पोटाखालून कुत्रं मान न वाकवता जाईल इतकी उंच. रेडा पेट्रोलवर चालायचा आणि पेट्रोल प्यायचाही रेड्यासारखाच. शेजारी त्याला पांढरा हत्ती म्हणत. फोरमन म्हणत, डिझेलचा खडखडाट तुम्हालाच लखलाभ, माझं इंजिन बोलतं ते ऐकू येतं.

मात्र पेट्रोलच्या इंजिनाची एक खोड असते. डिझेलची गाडी चढावर नुसता क्लच सोडला तरी कुरकुरत ओढत नेते. पेट्रोलच्या गाडीला पायाने गोंजारावं लागतं. रेस थोडी कमी झाली तर बंद पडते, थोडी जास्त झाली तर चाकं जागच्या जागी फिरून माती उडवतात. हे ‘थोडं’ पुस्तकात लिहिलेलं नसतं, ते तळपायात असतं. फोरमनचं तळपायातून गेलं, तेव्हा त्यांनी ते कानात नेऊन ठेवलं. पाय कुठे आहे ते नजरेने बघायचं, किती दाबलाय ते इंजिनाच्या आवाजावरून ओळखायचं. बाजारात जाऊन येण्यापुरतं हे जमत होतं, आणि जमतंय म्हणून फोरमन स्वतःवर खूश होते.

पण लेक वर्षभर बोलावत होती. ती डोंगरावरच्या रोपवाटिकेत नोकरीला होती आणि शेवटच्या चार किलोमीटरांना रस्ता असा नव्हताच, नुसत्या खोल चाकोऱ्या आणि दगड. तिथे रेड्याशिवाय काही चढणार नव्हतं. मुलगा बोटीवर, त्यामुळे घरात गाडी चालवणारे दोनच, फोरमन आणि सून. सूनबाई त्यांच्याकडूनच शिकलेली आणि रोज ऑफिसला स्वतःची छोटी गाडी घेऊन जाणारी. तिने आदल्या दिवशी सहज विचारलं होतं, बाबा, थोडं अंतर मी चालवू का? फोरमननी हसण्यावारी नेलं. रेडा असा कुणाच्याही हाती द्यायचा नसतो, म्हणाले.

निघाल्यापासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. दर दोन मिनिटांनी नजर खाली पायाकडे, वर रस्त्याकडे, पुन्हा खाली. मागच्या सीटवर नात आजीच्या मांडीवर बसून शाळेतली कविता म्हणायला लागली, आणि इंजिनाचा आवाज त्यात बुडाला. फोरमन तिच्यावर खेकसले, जरा गप्प बस म्हणून. ते नातीवर आजवर कधी खेकसले नव्हते. पोरगी गप्प झाली, सूनबाई खिडकीबाहेर बघू लागली, आणि गाडीत नुसतं इंजिन ऐकू येऊ लागलं. फोरमनना तेच हवं होतं, आणि तेच त्यांना खात सुटलं.

“अहो, सकाळपासून नुसती चुळबुळ चाललीय तुमची,” बायको म्हणाली. “बरं नसेल तर परत फिरू या.”

परत फिरायला कारण हवं. पेट्रोल पंपावर फोरमननी बॉनेट उघडलं आणि इंजिनावर वाकून उभे राहिले. एखादा पट्टा चिरलेला असावा, रेडिएटरच्या नळीला पाझर असावा, एखादी वायर तरी सैल असावी. आयुष्यभर माणूस बिघाड काढत आला आणि आज एक बिघाड सापडू दे म्हणून देवाला विनवत होता. रेडा ठणठणीत. सोळा वर्षं त्यांनीच तर त्याची निगा राखली होती, आता बोंब कुणाच्या नावाने मारणार? त्यांनी बॉनेट आपटून बंद केलं.

डांबरी रस्ता संपला, वळणं सुरू झाली, आणि खाली पायाकडे बघायला फुरसत उरली नाही. फोरमननी गाडी हळू घेतली. डाव्या हाताला मोठा उतार होता, त्याच्या तळाशी वाळलेला ओढा. चढाच्या पायथ्याशी एक सपाट जागा होती, तिथे थांबून पुढच्या चाकांनाही इंजिनाची ताकद जोडून घ्यायची असं त्यांच्या मनात होतं. त्यांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण ठरल्या जागेच्या पाचसहा हात पुढे, एका दगडाला जवळजवळ नाक लावून. फोरमनच्या कपाळावर आठी पडली. ब्रेकचं तेल कमी झालं असणार, नाहीतर लायनर झिजले असतील, ते पुटपुटले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी.

रेड्याला चारी चाकांची ताकद आतून बटण दाबून मिळत नसे. खाली उतरून पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध असलेला खटका हाताने फिरवायचा, मग आत येऊन नेहमीच्या गिअरशेजारचा, चढासाठीचा छोटा गिअर टाकायचा. हा मान कायम फोरमनचा, आणि नात त्यांच्या मागोमाग. मघाशी खेकसले होते तरी ती उतरलीच. त्यांनी डाव्या चाकाचा खटका फिरवला, नाकावरून वळसा घालून उजव्याचा फिरवला, हात झटकले. तेवढ्यात नात म्हणाली, “आजोबा, तुमची एक चप्पल कुठंय?”

फोरमननी खाली पाहिलं. डाव्या पायात चप्पल होती. उजवा पाय अनवाणी होता, आणि त्या टोकदार खडीवर ते गाडीला अख्खा वळसा घालून आले होते. पोरगी बोट दाखवत होती ते पायाकडे नव्हे, जमिनीकडे. डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत खडीवर एकाच पायाचे लाल ठसे उमटले होते.

“दुखत नाही?” तिने विचारलं.

फोरमन लंगडत, म्हणजे आता मुद्दाम लंगडत, दाराशी गेले आणि आत वाकले. चप्पल ब्रेकच्या पेडलखाली अडकली होती, दुमडून, गच्च. त्यांनी ती ओढून काढायचा प्रयत्न केला तर पहिल्या झटक्यात निघेना. मागचं वळण त्यांच्या डोळ्यांपुढे आलं, डावीकडचा तो उतार, तळाचा ओढा. तिथे ब्रेक लागला नसता. पायाखालची वाळू सरकली म्हणतात, तर त्यांना तेवढंही पायाने कळलं नसतं.

सूनबाई आणि बायको उतरून आल्या. सूनबाईने ठसे पाहिले, फोरमनच्या हातातली चप्पल पाहिली आणि पाण्याची बाटली आणायला वळली. बायको हलली नाही.

“पायाला काही कळत नाही मला,” फोरमन म्हणाले. “पाच महिने झाले. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली होती.”

बायकोने नातीला जवळ ओढलं. मग आवाज न चढवता म्हणाली, “मागे पोरीला मांडीवर घेऊन मी बसले होते.”

फोरमनना वाटलं, ती ओरडली असती तर बरं झालं असतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, शिसारी म्हणावी इतकी. त्यांनी खिशातून किल्ली काढून सूनबाईपुढे धरली. तिने ती लगेच घेतली नाही. म्हणाली, बाबा, हा चढ मी कधी केलेला नाही, छोटा गिअर मी कधी टाकलेला नाही. फोरमन म्हणाले, मी केलाय, आणि आज तो मला जमणार नाही.

पायाला ओढणी बांधून ते शेजारच्या सीटवर बसले. सोळा वर्षांत पहिल्यांदाच त्या बाजूला. छोटा गिअर कुठे ओढायचा, पहिल्यात टाकून क्लचवरून पाय कसा काढून घ्यायचा, सगळं सांगितलं. सूनबाईने क्लच सोडला आणि रेडा गचका देऊन बंद पडला. दुसऱ्यांदा तिने रेस जास्त दिली, चाकं गरगरली, खडी खालच्या पत्र्यावर ताडताड आपटली. फोरमन सीटवर जागच्या जागी उसळत होते. आवाज ऐक, ते तिसऱ्यांदा सांगू लागले, आवाज जाड झाला की थोडं दे, चिरका झाला की सोड.

“बाबा, मला आवाजातलं नाही कळत,” सूनबाई म्हणाली. “पायातलं कळतं. इंजिन पायाखाली थरथरतंय ते कळतंय मला.”

फोरमननी तिच्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाले, “मग पायाचंच ऐक. माझं ऐकू नकोस.”

रेडा निघाला. माणूस चालेल इतक्याच वेगाने, एक चाक दगडावर, एक चाकोरीत, मागचे स्प्रिंगचे पाटे कण्हत. सगळी गाडी एकदा इकडे, एकदा तिकडे कलत होती. दोनदा फोरमननी तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. सूनबाई चांगलंच चालवत होती, त्यांना या रस्त्यावर जमलं असतं त्याहून चांगलं, आणि हे बघणं सोपं नव्हतं.

वर लेकीने गरम पाण्याने पाय धुतला, खडे काढले, टाचेला पट्टी बांधली. सगळं ऐकल्यावर उद्याच डॉक्टरांना फोन लावते म्हणाली. फोरमन ओट्यावर पाय पसरून बसून राहिले. खिशात हात जात होता, किल्ली तिथे नव्हती.

नात येऊन त्यांच्या पायांशी बसली. तिने उजव्या तळपायावर, पट्टी सोडून, बोट फिरवलं. बघत होती ती त्यांच्या तोंडाकडे. पाच महिन्यांची सवय, हसू ओठांपर्यंत आलं होतं. फोरमननी ते गिळलं.

“कळतंय?”

“नाही.”

“मग रोज हसायचात ते?”

“खोटं.”

तिने थोडा विचार केला. मग डोळे मिटायला सांगितलं. फोरमननी दोन्ही डोळे मिटले, एकही किलकिला न ठेवता. बराच वेळ काहीच झालं नाही. उजव्या पायाशी ती काय करत होती कुणास ठाऊक, त्यांना कळायचा मार्ग नव्हता. मग अचानक डाव्या पायाला बोट लागलं आणि ते दचकून मोठ्याने हसले. हसता हसता मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांनी ते पुसलं नाही.

“हे खरं होतं,” ती म्हणाली. “उद्यापासून याच पायाला.”