परस्थान

"अवस सोडून दुसरा दिवसच नाय का त्या विमानाला?" मनकर्णाबाईनं शेंगा फोडता फोडता विचारलं.

"हाय की," बद्रीनाथ मोबाइलवर बोट फिरवत म्हणाला, "पण ते दिल्लीला अडकतं. धुकं असलं की दिवसभर तिथंच. हे हैदराबादहून थेट श्रीनगर. इकडं घाम पुसायचा, तिकडं उतरून बर्फ झाडायचा. आन् अवसंला माणसं भितेत, म्हंजी जागा ऐसपैस!"

"हास बाबा. तुझा मामाबी असाच हासायचा."

बद्रीनाथनं मोबाइल खाली ठेवला. पुंजाराममामाचं नाव निघालं की घरात वारंसुद्धा चपला काढून यायचं. प्रवासाचा दिवस वाईट असला, तर आधीच्या चांगल्या दिवशी जाणाऱ्याची एखादी वस्तू, मूठभर तांदूळ आणि सुपारी बांधून शेजाऱ्याच्या घरी ठेवायची, म्हणजे प्रवास त्या दिवशीच सुरू झाला. हे परस्थान. जाताना ते परस्पर उचलायचं. घरात परत आणायचं नाही. मामानं आणलं होतं, विसरलेली तंबाखूची पिशवी घ्यायला घरात शिरताना. कन्नडच्या घाटातून जीप तेवढी वर काढली लोकांनी.

आईच्या समाधानासाठी बद्रीनाथनं माकडटोपी दिली. श्रीनगरला सफरचंदांच्या शीतगृहाचं काम होतं, टोपी लागणारच होती. द्वादशीच्या सकाळी गाठोडं समोरच्या आवडाबाईच्या कोनाड्यात जाऊन बसलं.

निघायच्या दिवशी दुपारी मोबाइल वाजला. विमानाची वेळ अलीकडं आली होती. आता संध्याकाळची नाही, आत्ताची बस गाठायची. घरात एकच पळापळ. रिक्षा दारात येऊन भोंगा वाजवू लागली. पोराचा वेळ वाचावा म्हणून मनकर्णाबाई स्वतःच आवडाबाईकडून गाठोडं घेऊन रिक्षापाशी आली.

"माय, चार्जर! खिडकीत राहिला बघ!" बद्रीनाथ रिक्षातून ओरडला.

ती धावली. उंबरा ओलांडला, खिडकीतून चार्जर उचलला, आणि काखेत काहीतरी टोचलं. सुपारी. गाठोडं काखेतच होतं.

जन्मभर दुसऱ्याला सांगितलेला नेम तिच्याच पायानं मोडला होता.

"आज नको जाऊ रे," ती रिक्षाची दांडी धरून म्हणाली.

"येडी का काय तू? कामावरली माणसं हैदराबादला वाट बघतेत. क्रांती चौकात बस थांबायची नाय, सोड."

तिनं गाठ सोडली. माकडटोपी त्याच्या हातात कोंबली. तांदूळ-सुपारी मात्र मुठीत ठेवली. रिक्षा वळली, धूळ उडाली, आणि ओठावर आपसूक ओवी आली:

बाळ निघालं मुलखा, वाट धुक्यानं झाकली
आई उंबऱ्यात उभी, तिची सावली वाकली

ओवी संपली तेव्हा तिचं ठरलं होतं. तिनं नेसत्या लुगड्याचा पदर टर्रकन फाडला, तांदूळ-सुपारी त्यात बांधली आणि समोर गेली.

"आता हे कुणाचं?" आवडाबाईनं विचारलं.

"माझं."

"तुम्ही कुठं निघाल्या वैनी, अवसंच्या तोंडावर?"

"एका घरातून कुणीतरी जायाचंच असंल, तर जाणारी मी हाय. ठेवा कोनाड्यात."

आवडाबाई हसली. मग तिच्याकडं नीट बघून हसायची थांबली.

दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाई सकाळपासून ओट्यावर बसून होती. ऊन असं की कुत्रीसुद्धा सावलीला गेलेली. फोन वाजला.

"माय, उतरलो! विमान लई हेंदकाळलं बग, माणसं देवाचं नाव घेत होती. पण उतरलं नीट. टोपी घातलीय. लई थंडी हाय इथं."

"व्हय?" ती म्हणाली. "कान झाक. सुखी ऱ्हा."

फोन ठेवून तिनं पाय चाचपले. तापल्या फरशीवर टेकलेली पावलं बर्फासारखी गार होती, आणि गारवा हळूहळू वर चढत होता. तिला भय वाटलं नाही. हिशेब बरोबर लागल्यासारखं वाटलं. मागं वळून तिनं घराचं दार नुसतं ओढून घेतलं. उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही.

"आवडाबाई," तिनं हाक मारली, "माझं गाठोडं आणून देता का?"