संपतचा उतावळेपणा

दुष्काळाच्या साली औरंगाबादहून एक प्राध्यापक आमच्या टेंभुर्णीला आले. दारू सोडवायच्या दवाखान्यात खाटा मोजक्या, आणि त्या कुणाला द्यायच्या हे त्यांची प्रश्नावली ठरवणार होती. उतावळा माणूस उपचार अर्धवट टाकून पळतो, असं त्यांचं शास्त्र. गुण मांडायला मला, शाळेतल्या मास्तरणीला, शेजारी बसवलं.

माझी शेजारीण कौसल्या नवऱ्याला घेऊन आली. संपत दुष्काळी कामावर खडी फोडायचा. सकाळपासून त्यानं थेंब घेतला नव्हता आणि हात थरथरत होते.

"बाई, एवढी खाट मिळू द्या," कौसल्या मला म्हणाली. "न्हाई तर ह्यो जगत न्हाई."

सरांनी विचारलं, "पुढच्या महिन्यात काय करायचं, ते आधी ठरवता का?"

संपत गोंधळला. "उद्याचं काम कुठं, ते मुकादमाला ठावं. म्या काय ठरवू?"

"म्हणजे नाही." उतावळेपणाचा एक गुण.

"हातातलं काम सोडून दुसरं धरता का?"

"धरावंच लागतंय. एक बंद पडलं की दुसरं."

आणखी एक गुण. असेच चढत गेले.

मग कापडवाले बालकिशनशेठ आले. ते परवान्यावर विलायती प्यायचे. महिनाभराच्या बाटल्या आधी मागवून ठेवायच्या, दिवेलागणीला ठरलेल्या खुर्चीत बसायचं. यकृत पार सुजलेलं, पण कागदावर माणूस अगदी संयमी. खाट त्यांना मिळाली.

माझं डोकंच फिरलं. "सर, संपतला पडले ते गरिबीचे गुण आहेत," मी म्हणाले.

"बाई, ही प्रश्नावली विलायतेत पारखून आलेली आहे."

"तिथं मुकादम असतो का?"

त्यांनी ऐकलंच नाही. संपतला सांगितलं, तुम्हाला घेता येणार नाही.

संपतनं वाद घातला नाही. कौसल्येचा हात सोडवला, उठला आणि तडक हातभट्टीच्या वाटेला लागला. ती हाका मारत मागं पळाली. इतका वेळ कळ काढून बसलेला माणूस होता तो, आणि आम्हीच त्याला उठवलं.

सरांनी दारातून पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. "बघा. उत्तर बरोबर निघालं. नोंद करा."

मी लेखणी खाली ठेवली. मग त्यांनीच ती उचलली आणि सुबक अक्षरात नोंद केली.